शॉवरमागच्या भिंतीची ओल: हातोड्याच्या आधी पेन्सिल घ्या

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. पुण्यात १२ वर्षांचा फ्लॅट, तिसरा मजला. बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये ज्या भिंतीवर शॉवर आहे तिच्या मागच्या अंगाला तुमचं कपाट, आणि कपाटामागे जमिनीपासून साधारण दीड फुटापर्यंत रंगाला फुगे येऊन पोपडे पडतायत, खाली पांढरी भुकटी साचते. खालच्या काकूंच्या छतालाही पिवळा डाग आलाय. एक मिस्त्री म्हणतो सगळं बाथरूम फोडा, १ लाख ४० हजार. दुसरा म्हणतो फोडायचं काही कारण नाही, टाइल्सच्या फटींत एपॉक्सी (पाणी न पिणारा रेझिनचा मसाला) भरून देतो, ९ हजार. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गणपतीत १० दिवस गावाला होतो, परत आलो तेव्हा भिंत बरीच वाळल्यासारखी वाटली.

हे शेवटचं वाक्य तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे आणि दोन्ही मिस्त्रींनी नेमकं तेच विचारलं नाही. मी गेली २३ वर्षं हेच काम करतोय, आधी प्लंबर म्हणून डोंबिवली-ठाण्याकडे आणि आता लादी आणि वॉटरप्रूफिंग असं दोन्ही, आणि माझा अनुभव असा की ओल कुठे दिसते त्यावरून फारसं काही कळत नाही, ओल कधी वाढते त्यावरून जवळजवळ सगळं कळतं. पाणी भिंतीच्या आत कुठूनही कुठेही फिरतं, विटेतून वर चढतं, कोब्यातून (फरशीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या थरातून) आडवं जातं, त्यामुळे डागाच्या बरोबर समोर फोडलं आणि तिथे काहीच निघालं नाही हे मी शंभरदा बघितलंय. पण वेळ खोटं बोलत नाही.

म्हणजे कसं, बाथरूममध्ये पाणी चार वाटांनी मुरू शकतं. पहिली वाट म्हणजे कायम दाबाखाली असलेली लाइन, टेरेसच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंत आणि गीझरपर्यंत, ही नळ बंद असला तरी भरलेलीच असते त्यामुळे इथे गळती असेल तर ती २४ तास चालू, तुम्ही गावाला असा नाहीतर घरी. दुसरी वाट, मिक्सरच्या किंवा डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा खटका) वर शॉवरकडे जाणारा पाइप. हा फक्त शॉवर चालू असताना भरतो, म्हणून त्याच्या गळतीला लोक वर्षानुवर्षं टाइल्सची गळती समजतात. तिसरी, टाइल्समधल्या फटी आणि कोपरे, म्हणजे भिंतीवर पाणी उडलं की आत. आणि चौथी, खालची फरशी आणि न्हाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं.

आता तुमचं वाक्य घ्या. गावाला जाताना मेन कॉक बंद केला होता का? केला असेल तर त्या वाळण्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण कॉक चालूच असेल आणि तरी भिंत वाळली तर पहिली वाट जवळजवळ बाद झाली, म्हणजे अर्धं बाथरूम फोडून पाइप शोधायचं कारण उरलं नाही. एवढा फरक आहे एका कॉकचा.

आता टेस्ट सांगतो, घरच्या घरी होतात, खर्च शून्य, फक्त दोन-अडीच आठवडे धीर पाहिजे आणि दुसरं बाथरूम पाहिजे (तुमच्याकडे कॉमन आहे असं लिहिलंय म्हणून बरं). कपाट भिंतीपासून ओढा, पूर्ण निघत नसेल तर निदान मागची प्लाय काढा. बेडरूमच्या भिंतीवर ओलीची कड जिथे आहे तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. फोटो काढा. काकूंनाही सांगा त्यांच्या डागाभोवती रेघ मारायला, त्या आधी चिडतील पण मग त्यांनाच मजा येते, रोज रिपोर्ट देतात असा अनुभव आहे.

पहिले ५ दिवस बाथरूम पूर्ण बंद, एक थेंब पाणी वापरायचं नाही, पण कॉक चालू. ओल कमी होत गेली तर दाबाची लाइन बरी आहे. तशीच राहिली किंवा वाढली तर बाकी टेस्ट सोडा आणि प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या, ती पुढे सांगतो.

मग दोन दिवस रोज पाच-सहा बादल्या पाणी सरळ न्हाणीच्या जाळीत ओता, हळू, फरशी भिजू न देता. ही झाली फक्त ट्रॅपची आणि खालच्या पाइपची परीक्षा. काकूंचा डाग वाढला आणि तुमची भिंत तशीच असेल तर दोष खाली आहे.

पुढचे दोन दिवस शॉवरच्या पाइपचे. शॉवर उघडा पण पाणी भिंतीला लागू द्यायचं नाही. शॉवरच्या तोंडाला जाड प्लास्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधायची, पिशवीचा एक कोपरा कापून त्यात बागेचा पाइप घालून तो सरळ बादलीत सोडायचा, दिसायला भयंकर दिसतं पण चालतं. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. यात भिंत ओली झाली तर गुन्हेगार आतला पाइप किंवा वरचा एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड), टाइल्सचा काही संबंध नाही.

त्यानंतर फरशी. न्हाणीत बोळा कोंबायचा, म्हणजे फडकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि इथे एक गोष्ट नव्वद टक्के लोक चुकतात, बोळा जाळीच्या लेव्हलला बसवतात. तो ट्रॅपच्या तोंडात दोन-तीन इंच आत गेला पाहिजे, नाहीतर लादी आणि ट्रॅप यांच्यातला जो सांधा आहे, जिथून बहुतेक वेळा पाणी जातं, तोच बोळ्याच्या मागे लपतो आणि टेस्ट पास होते. मग इंचभर पाणी भरायचं, उंबऱ्याच्या खालीच राहील एवढं, आणि ४८ तास ठेवायचं. टाइलवर मार्करने लेव्हल मारा. पाणी थोडं आपोआप पण उडतं, म्हणून शेजारी एका स्टीलच्या डब्यात तेवढंच पाणी ठेवून त्यालाही खूण करा, डब्यात २ मिमी उतरलं आणि फरशीवर १० मिमी तर ते हवेत गेलेलं नाही. पाण्यात रंग घालायचा असेल तर खाण्याचा रंग चिमूटभर. एका गिऱ्हाइकाने हौसेने रंगपंचमीचा गुलाबी टाकला होता, गळती मिळाली, पण बाथरूमच्या सगळ्या रेघा गुलाबी झाल्या त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

शेवटी भिंत. फरशी वाळू द्या दोन-तीन दिवस, मग हँडशॉवरने किंवा जेटने फक्त शॉवरच्या भिंतीवर पाणी मारा, आधी खालचे तीन फूट, दुसऱ्या दिवशी वरचं. प्रत्येक टेस्टनंतर निदान एक दिवस थांबा कारण विटेला पाणी पोचवायला वेळ लागतो, आणि हे सगळं जुलैमध्ये करू नका, बाहेरची भिंत भिजत असेल तर सगळी गणितं चुकतात. आत्ता पाऊस संपतोय, योग्य वेळ आहे.

एक काम मात्र आजच. त्या ओल्या भागात किंवा त्याच्या आसपास प्लगचा बोर्ड असेल तर त्या बोर्डाची एमसीबी पाडून ठेवा. कपाटामागे बोर्ड असतात आणि कोणाच्या लक्षात पण राहत नाहीत.

आता प्रेशर टेस्ट. प्लंबर हातपंप आणि गेज घेऊन येतो. शॉवर, नळ, जेट काढून तिथे अर्ध्या इंचाचे डमी प्लग मारायचे, गीझरच्या दोन्ही नळ्या काढून तिथेही प्लग, कारण गीझरला जास्त दाब देऊन फुकट नवीन दुखणं नको. मग गार आणि गरम लाइन वेगवेगळी दाबायची. जुन्या लाइनला माझ्या मते ४-५ किलोच्या (गेजवरचे kg/cm²) वर नेऊ नये, आणि दोन तास तरी काटा हलायला नको. दहा मिनिटांत "ओके आहे" म्हणणारा प्लंबर असेल तर चहा देऊन बसवा त्याला. गरम लाइनच्या गळतीत एक कारण हमखास सापडतं, बिल्डरच्या प्लंबरने पैसे वाचवायला गरमला यूपीव्हीसी वापरलेला असतो. पांढरा तो यूपीव्हीसी, तो गार पाण्याचा. गरमचा सीपीव्हीसी पिवळट क्रीम रंगाचा. सोलरचं पाणी दुपारी ७० डिग्रीच्या वर सहज जातं, यूपीव्हीसी तिथे टिकत नाही, सांधे सैल पडतात.

आणि हो, टॉवेल रॉड, शाम्पूचं शेल्फ, काचेचं पार्टिशन असं काही गेल्या तीन-चार वर्षांत बसवलंय का? डोंबिवलीत एका घरी आम्ही तीन दिवस डोकं फोडलं. ओल शॉवरच्या डाव्या बाजूला, कधी कमी कधी जास्त. शेवटी टॉवेल रॉडचा स्क्रू उघडला तर भसकन पाणी. ड्रिल सरळ सीपीव्हीसीत गेलेलं, आणि स्क्रूनेच भोक बुजवून ठेवलेलं. दोन वर्षं तो स्क्रू बुचाचं काम करत होता, मग गंजला आणि झिरपायला लागला. स्क्रू हातात घेतला तर अर्धा भाग पार खाऊन गेलेला, पेन्सिलच्या टोकासारखा. सहा इंचाचा चौकोन फोडून काम झालं, आणि त्या घरी आधी दोनदा एपॉक्सी भरून झालं होतं.

शॉवर आर्मचं पण तसंच. भिंतीत पितळी एल्बो असतो, त्यात शॉवरचा दांडा फिरवून बसवतात. नवीन शॉवर घेतला की घरचाच कोणीतरी जुना दांडा पिळून काढतो, त्यात आतला एल्बो हलतो, नवीन बसवताना टेफलॉन दोन वेढे मारतात जिथे दहा-बारा लागतात. मग शॉवर चालू असेपर्यंत आत भिंतीत बारीक धार. तुमच्याकडे शॉवर कधी बदलला होता का आठवून बघा.

बरं, आता समजा पाइप सगळे नीट निघाले. मग राहिली भिंत आणि फरशी, आणि इथे ९ हजारवाल्या मिस्त्रीबद्दल बोलायला पाहिजे. एपॉक्सी वाईट नाही, मी स्वतः सगळीकडे एपॉक्सीच वापरतो, सिमेंटच्या ग्राउटपेक्षा (फटीत भरायच्या मसाल्यापेक्षा) कितीतरी चांगलं, पाणी पीत नाही, काळं कमी पडतं. पण लोकांचा गैरसमज असा की टाइल आणि ग्राउट म्हणजेच वॉटरप्रूफिंग. नाही. टाइल हा शर्ट आहे, रेनकोट तिच्या मागे असतो, प्लास्टरवर मारलेलं कोटिंग. ते असेल तर ग्राउटमधून थोडं पाणी गेलं तरी ते मागे थांबतं. आणि १२ वर्षांपूर्वीच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये खाली फरशीला कोबा आणि वॉटरप्रूफिंग केलेलं असतं, भिंतीला मात्र काहीच नाही, नुसतं प्लास्टर आणि त्यावर टाइल. तिथे ग्राउट हीच एकमेव संरक्षक फळी असते आणि ती किती टिकणार.

दुसरं, आपल्याकडे लोकांना जॉइंट दिसलेला आवडत नाही. टाइलला टाइल चिकटवून लावतात, मध्ये कागद जाईल एवढी फट. त्यात एपॉक्सी घालणार कुठे? वरून पुसून जातं, फोटोत छान दिसतं, आठ महिन्यांनी निघून येतं. खरंच करायचं असेल तर बारीक ब्लेडने प्रत्येक जॉइंट २ मिमी रुंद आणि निदान ३-४ मिमी खोल कापावा लागतो, जुनं सगळं खरवडून, वाळवून, मग भरायचं. हे काम दीड-दोन दिवसांचं आहे आणि धुरळा भयंकर. तुमच्या मिस्त्रीला विचारा जॉइंट कापणार का, "त्याची गरज नाही मॅडम" म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

एपॉक्सी पुरेल का ते ठरवायला एक सोपी गोष्ट करा. एक रुपयाचं नाणं घ्या आणि शॉवरच्या भिंतीवरची प्रत्येक टाइल ठोकून बघा, मध्ये आणि चारी कोपऱ्यांना. भरीव आवाज आला तर ठीक. ठण्ण असा पोकळ आवाज आला तर मागे हवा आहे, म्हणजे तिथे पाणी पण साचतं. तळाच्या दोन-तीन ओळी पोकळ वाजत असतील (बहुतेक वाजतीलच) तर एपॉक्सी विसरा. वरच्या एक-दोनच पोकळ, बाकी भरीव आणि फरशीची टेस्ट पास, तर जॉइंट कापून एपॉक्सी आणि कोपऱ्यांना सिलिकॉन एवढ्यावर भागू शकतं.

पोकळ टाइल काढली की आत काय दिसतं ते एकदा बघाच. मध्यभागी सिमेंटचा एक लाडू, दाबून चपटा झालेला, आणि चारी कोपरे रिकामे. त्या रिकाम्या जागेत काळा चिकट गाळ, साबण आणि केसांचा, वास असा की माणूस दार उघडायला पळतो. टाइलची पाठ हाताला गार आणि ओली लागते. भिंतीच्या सिरॅमिक टाइलची चकाकी पाणी पीत नाही पण तिची माती १० टक्क्यांच्या वर पाणी पिते, म्हणून मागून भिजलेली टाइल वजनाला पण जड लागते. त्यात आंघोळ बंद करून आठवडा झालेला असला तरी त्या पोकळीतून पाणी ओघळतं. ही साठवण असते म्हणून तर भिंत लवकर वाळत नाही.

आता किती फोडायचं. माझं मत सरळ आहे आणि बरेच कंत्राटदार माझ्याशी भांडतील. भिंत अर्धी फोडलेली चालते, फरशी अर्धी फोडलेली चालत नाही. भिंतीवर पाणी उतरतं, उभं राहत नाही, त्यामुळे फक्त शॉवरची भिंत आणि दोन्ही बाजूच्या भिंतींची फूट-दीड फूट अशी पट्टी केली की काम होतं. फरशीत मात्र पाणी उभं राहतं, जुन्या आणि नव्या वॉटरप्रूफिंगच्या सांध्यातून ते रस्ता काढतंच, म्हणून फरशीची टेस्ट नापास झाली असेल तर अख्खी फरशी, कोब्यापर्यंत, न्हाणी ट्रॅपसकट. तेव्हा तो १ लाख ४० वाला मिस्त्री बरोबर ठरू शकतो. पण फरशी पास आणि भिंत नापास असेल तर त्याचं ऐकून कमोड, प्लॅटफॉर्म, सगळं उखडायची काही गरज नाही.

तुमच्या वर्णनावरून, दीड फुटापर्यंतची ओल आणि खाली पण डाग, मला संशय भिंत आणि फरशीच्या कोपऱ्याचा आहे, जिथे भिंतीची शेवटची टाइल फरशीवर टेकते. तिथे सिमेंट भरलेलं असतं, बिल्डिंग किंचित हलते, ते तडकतं, शॉवरचं सगळं पाणी भिंतीवरून ओघळून बरोबर तिथेच येतं. पण हा संशय आहे, निदान नाही, रेघा मारल्याशिवाय मी पण हातोडा उचलणार नाही.

काम निघालंच तर कसं करून घ्यायचं ते सांगतो, कारण मिस्त्री चांगला असला तरी डोक्यावर उभं राहायला कोणीतरी लागतं. आधी न्हाणीत गोणपाट कोंबायचं, कमोडवर पण झाकण आणि पोतं, नाहीतर राबिट (फोडलेला मलबा) पाइपात जाऊन काकूंकडे नवीन प्रकरण. फोडायच्या आधी कडेच्या ओळीचे जॉइंट ग्राइंडरने कापून घ्या म्हणजे हादऱ्याने शेजारच्या ठेवायच्या टाइल्स तडकत नाहीत. टाइल्स आणि ढिलं प्लास्टर विटेपर्यंत काढायचं. मग दोन-तीन दिवस भिंत उघडी ठेवायची, पंखा लावायचा. इथे घाई करतात सगळे. ओल्या विटेवर प्लास्टर मारलं की क्षार आतून बाहेर येत राहतात.

पाइप उघडे आहेत तोपर्यंत प्रेशर टेस्ट आत्ताच करायची, टाइल लागल्यावर नाही. आणि मेजरिंग टेप भिंतीला लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. डोंबिवलीच्या टॉवेल रॉडवाल्यांकडे हा फोटो असता तर माझे तीन दिवस वाचले असते.

प्लास्टर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), त्यात वॉटरप्रूफिंग लिक्विड, साधारण एका ५० किलोच्या गोणीला २०० मिली असतं पण डब्यावर काय लिहिलंय ते बघा, जास्त घातलं की जास्त वॉटरप्रूफ होतं असं नसतं. कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे चिकन मेश (तारेची जाळी), नाहीतर तिथे रेघ पडतेच. कोपऱ्यात भिंत आणि फरशी काटकोनात सोडायची नाही, मसाल्याचा छोटा वाटा (गोलाई) मारायचा, टेरेसवर मारतात तसाच पण बारीक, कारण कोटिंग काटकोनात तडकतं. मग सात दिवस पाणी मारायचं, म्हणजे क्युरिंग. हो, सात. "रविवारी पाहुणे येणारेत" हे मी खूप ऐकलंय.

त्यावर कोटिंग, पावडर आणि लिक्विड मिसळून होतं ते दोन भागांचं पॉलिमर-सिमेंटचं. भिंत ओलसर पाहिजे पण पाणी चमकायला नको. पहिला हात उभा, कोपऱ्यांवर आणि पाइपाच्या भोकांभोवती फायबर जाळीची चार-सहा इंची पट्टी त्या ओल्या हातातच बसवायची, आणि पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा, म्हणजे ब्रशच्या रेघांतल्या बारीक जागा झाकल्या जातात. उंची शॉवरच्या वरपर्यंत, निदान सात फूट, तीन फुटांवर थांबू देऊ नका. फरशी केली असेल तर कोटिंग न्हाणी ट्रॅपच्या तोंडात आत उतरलं पाहिजे, काठावर संपायला नको. ते कडक झालं की टाइल्स लावायच्या आधी परत पाणी भरून ४८ तास. या टेस्टच्या आधी मिस्त्रीला पूर्ण पैसे देऊ नका, आणि टेस्टच्या काळात त्याच कोटिंगवर हातोड्या-घमेली आपटत फिरणाऱ्यालाही आत सोडू नका.

टाइल लावताना सिमेंटचे लाडू नाहीत. टाइल अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला), दातेरी करणीने भिंतभर ओढून, आणि पहिली टाइल लावून लगेच काढून पाठ बघायची, सगळीकडे माल लागलाय का. मिस्त्रीला राग येतो, येऊ द्या. २-३ मिमीचे स्पेसर. फरशीला उतार न्हाणीकडे १:८० चा, म्हणजे फुटाला साधारण पावणेचार मिमी, बादलीभर पाणी टाकून बघा कुठे डबकं राहतं का. एपॉक्सी दुसऱ्या दिवशी, आणि आतल्या कोपऱ्यांत, भिंत-फरशीच्या सांध्यात, फिटिंगच्या फ्लँजमागे (भिंतीला टेकणाऱ्या गोल चकतीमागे) ग्राउट नाही तर सॅनिटरी सिलिकॉन, कारण तिथे हालचाल होते आणि कडक माल तुटतो. सिलिकॉनला पूर्ण कोरडी जागा लागते आणि २४ तास शॉवर बंद. टॉवेल रॉडच्या भोकात आधी सिलिकॉन, मग गिट्टी (स्क्रूचा प्लग), मग स्क्रू.

जुन्या डिझाइनच्या टाइल्स आता मिळणार नाहीत, माळ्यावर उरलेली पेटी असेल तर शोधा. नसेल तर जुळवायला जाऊ नका, जवळपास तसाच रंग नेहमी चुकलेला दिसतो, सरळ शॉवरची भिंत वेगळ्याच रंगाची करा, मुद्दाम केल्यासारखी.

बेडरूमची बाजू सगळ्यात शेवटी. आणि कृपा करून तिथे आत्ता "डॅम्प प्रूफ" पेंट किंवा पुट्टी मारू नका, दुकानदार देईल. पाणी मागून येतंय, पुढून दार लावलं तर ते वर चढतं, आज दीड फूट आहे ते तीन फूट होईल. आतलं प्लास्टर जिप्समचं आहे का बघा, नखाने खरवडलं की खडूसारखं पांढरं निघतं. जिप्सम एकदा भिजून भुसभुशीत झालं की ते परत कडक होत नाही, ओलीच्या रेघेच्या वर निदान फूटभर कापून टाकायचं आणि तेवढ्या भागात सिमेंट प्लास्टर करायचं. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने पुसायची नाही, पुसलं की क्षार विरघळून परत आत. मग महिना-दीड महिना भिंत तशीच उघडी, दिसते घाण, पण राहू द्या. वाळली का हे बघायला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवसांनी आतून घाम आला असेल तर अजून थांबा. कपाट परत लावताना भिंतीपासून दोन इंच सोडा.

काकूंचं. फरशीचं काम निघालं आणि ते चोख झालं तरी त्यांच्याकडे पुढचे दोन-तीन आठवडे पाणी टपकू शकतं, कारण खालच्या स्लॅबला धरून जे पाणी राहिलेलं असतं ते उतरायला वेळ लागतो. भिंतीचंच काम केलं असेल आणि कोबा जुनाच राहिला तर आणखी वेळ, विटांचे तुकडे स्पंजसारखे भरलेले असतात. हे त्यांना आधीच सांगा, काम सुरू व्हायच्या आधी. नंतर सांगितलं की ते कारण वाटतं. छताचं प्लास्टर पडून सळई दिसत असेल तर त्यावर पीओपीचं छत लावून झाकायला देऊ नका, गंज साफ करून, सळईला कोट मारून पॉलिमरच्या मसाल्याने भरावं लागतं. आणि खर्चावरून सोसायटीत वाद नको, सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये (नमुना उपविधींत) टॉयलेट-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च त्या त्या फ्लॅटधारकाचाच धरलाय, त्यामुळे गळती तुमच्या बाथरूमची निघाली तर त्यांच्या छताचं तुम्हीच करून दिलेलं बरं.

कोणी खालून स्लॅबमध्ये नोझल मारून पीयू (पॉलीयुरेथेन) भरतो म्हणाला तर तूर्त नको म्हणा. कुठे कुठे त्याचा उपयोग आहे, पण तुमच्या केसमध्ये वरचं पाणी बंद न करता खालचं तोंड बुजवलं तर ते पाणी तुमच्याच भिंतीकडे वळेल. टाइल्सवर फवारायचं पारदर्शक लिक्विड पण तसंच, फार तर एखादा पावसाळा.

भिंतीचंच काम असेल तर क्युरिंग धरून साधारण तीन आठवडे पकडा, त्यातले प्रत्यक्ष मजुरीचे दिवस सहा-सातच. "तीन दिवसांत देतो" म्हणणाऱ्याने क्युरिंग आणि पाण्याची टेस्ट दोन्ही खाल्लेल्या असतात.

तर आता पहिलं हे सांगा, गावाला जाताना कॉक बंद होता की चालू. आणि आज संध्याकाळी रेघ मारा आणि पाच दिवसांनी फोटो तारखेसकट पाठवा, मग पुढचं बोलू.